एक इस्पिक, डबल, आणि माझं निळं कार्ड

ब्रिजच्या एका डावात माझ्याकडे ही तेरा पानं होती:

इस्पिक – राजा, गुलाम, ८, ४
बदाम – ७, २
चौकट – एक्का, ६, ३
किलवर – राणी, ९, ५, २

समोरून माझ्या पार्टनरने, अण्णांनी, एक इस्पिकने बोली उघडली. माझ्या उजव्या हाताच्या मावशींनी चष्मा वर सरकवला, पानं एकदा मिटून पुन्हा उघडली आणि डबलचं, म्हणजे बोलीचे गुण दुप्पट करणारं, लाल कार्ड टेबलावर ठेवलं. मी पॉइंट मोजले. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. दहा. दहा भरले म्हणताच बोट आपसूक डबीतल्या निळ्या कार्डाकडे गेलं. रिडबल, म्हणजे पुन्हा दुप्पट.

या एका डावात आमचे ११ इम्प (संघांच्या सामन्यातले गुण) गेले आणि सोळा डावांचा सामना आम्ही ७ इम्पने हरलो. हिशेब सोपा आहे, म्हणूनच जास्त झोंबतो. तो डाव इथे पूर्ण मांडतो, कारण अशी पानं आणि असं डबल कुणाच्याही वाट्याला महिन्यातून दोन-चारदा येतं.

श्रावणातला रविवार होता. नाशिकला गंगापूर रोडवर अण्णांच्या घरी आम्ही आठ जण जमलो होतो. एक टेबल दिवाणखान्यात, दुसरं वरच्या खोलीत. दोन्हीकडे तेच डाव खेळायचे, आणि आमच्या संघाची एक जोडी खाली उत्तर-दक्षिण, तर दुसरी वर पूर्व-पश्चिम. म्हणजे नशिबाला दोष द्यायची सोय नाही. जी पानं मला आली तीच वर दुसऱ्या कुणाला तरी मिळणार. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं होतं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत गंगा, म्हणजे आमची गोदावरी, आली होती, आणि पंचवटीच्या मावशी व त्यांचा कॉलेजातला भाचा तासभर आधीच येऊन बसले होते. पूल बंद झाला तर ब्रिज कसा खेळणार, हा त्यांचा विनोद दर पावसाळ्यात असतो. चिवड्याचं ताट नियमाप्रमाणे स्वयंपाकघरात. पत्त्यांना तेलाचे डाग पडले की अण्णा आठवडाभर बोलत नाहीत.

खालच्या टेबलावर पुढे असं झालं. माझ्या निळ्या कार्डावर भाच्याने एका दमात चार बदाम (बदाम हुकूम, दहा हात करू) म्हटलं. अण्णांनी पास दिला, मावशींनीही पास. आता पाळी माझी. चार इस्पिक म्हणू की डबल करू? मी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि डबल केलं. अण्णांनी चौकटचा राजा उतरला, मी सहा टाकला, त्यांनी पुन्हा चौकट खेळून मला एक्का दिला. मग इस्पिकचा एक हात आणि पुढे किलवरचा एक. भाचा नऊ हातांवर थांबला. एक हात कमी, डबल केलेला. आम्हाला १००. अण्णांनी वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, "वर इस्पिकात काय होतंय बघू."

वर समोरच्या संघाचे ६२० झाले होते.

तिथे माझी पानं समोरच्या संघातल्या डॉक्टरीणबाईंकडे होती, आणि अण्णांची त्यांचे पार्टनर डॉक्टर यांच्याकडे. त्याच एक इस्पिकवर तेच डबल आलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन नो-ट्रम्प (एरवी बिनहुकमी खेळाची बोली, इथला अर्थ पुढे येतो). आमच्या संघाकडून वर दोघी बहिणी होत्या, पूर्वेला धाकटी, पश्चिमेला थोरली. थोरलीने खालच्या भाच्यासारखंच चार बदाम म्हटलं. डॉक्टरांनी फार विचार न करता चार इस्पिक म्हटलं आणि सगळे गप्प झाले. धाकटीचा हात लाल कार्डापर्यंत जाऊन परत आला, तेवढी देवाची कृपा. नाहीतर ७९० झाले असते.

चारी पानं अशी होती. दक्षिणेची, म्हणजे माझी, वर दिलीच आहेत.

उत्तर (अण्णा, वर डॉक्टर): इस्पिक – एक्का, राणी, ९, ७, ३, बदाम – ६, चौकट – राजा, राणी, ५, ४, किलवर – राजा, ८, ३

पूर्व (मावशी, वर धाकटी): इस्पिक – १०; बदाम – एक्का, राजा, गुलाम, ५; चौकट – गुलाम, १०, ९, २; किलवर – एक्का, गुलाम, १०, ६

पश्चिम (भाचा, वर थोरली): इस्पिक – ६, ५, २, बदाम – राणी, १०, ९, ८, ४, ३, चौकट – ८, ७, किलवर – ७, ४

डाव उत्तरेने वाटलेला. उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल, म्हणजे त्यांना बक्षीसही मोठं आणि दंडही मोठा; पूर्व-पश्चिम नाहीत. भाच्याकडे दोन पॉइंट होते, पण त्याच्या उडीला नावं ठेवू नका. समोरून डबल आलंय म्हणजे बदाम आहेत, स्वतःकडे सहा आहेत, हरलो तरी स्वस्तात. त्याने जे करायला हवं तेच केलं.

चार इस्पिकचा खेळ सरळ आहे. धाकटीने बदामचा एक्का घेतला आणि हुकमाचं एकुलतं पान उतरलं. डॉक्टरांनी तीन वेळा हुकूम काढला, चौकटचे तीन वरचे हात घेतले, चौथी चौकट समोरच्या हुकमाने मारली, समोरचा उरलेला बदाम आपल्या हुकमाने मारून हातात आले आणि राणीच्या दिशेने लहान किलवर खेळले. धाकटीने एक्का घातला तर राजा-राणी दोन्ही चालतात, अकरा हात होतात. तिने आवरला, राणी चालली, दहा हात पुरे.

आता मूळ प्रश्न. माझ्या निळ्या कार्डात चूक काय होती?

मी ब्रिज शिकलो हॉस्टेलवर. तिथल्या सीनियरांचा एकच मंत्र होता, डबल आलं आणि दहा पॉइंट असले की रिडबल. आधी ताकद सांगा, बाकीचं मागाहून. त्या काळी पुष्कळ जण तसंच खेळत. वाक्य पाठ करायला सोपं आणि बहुतेक वेळा निभावून जातं, कारण समोरचे घाबरून एक-दोनच्या पातळीवर लटपटत बसतात. पण ते घाबरले नाहीत, उडी मारून वर गेले, तर "मागाहून" ही वेळ येतच नाही. भाच्याने माझं मागाहून एका बोलीत खाऊन टाकलं.

डबल येतं तेव्हा टेबलावर काय बदलतं ते नीट पाहायला हवं. मावशींनी सांगितलं, इस्पिक माझ्याकडे फारसं नाही, बाकीच्या तीन रंगांना आधार आहे, पानं बरी आहेत. अण्णांच्या उघडणीत बारा-तेरा धरा, मावशींचे तितकेच, माझे दहा. भाच्याकडे उरतं काय? पाच, फार तर सहा. म्हणजे ताकद कुठे आहे हे सगळ्यांना जवळपास कळलेलंच होतं, ते मी पुन्हा सांगून काही मिळवलं नाही. जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते मी सांगितलं नाही: अण्णांच्या पाच इस्पिकांना माझी चार जुळतात.

अण्णांच्या खुर्चीत बसून बघा. त्यांच्या मते रिडबल म्हणजे दहा किंवा जास्त पॉइंट, पण इस्पिकला चार पानांची जोड नाही. आज बहुतेक ठिकाणी असंच मानतात. त्यांच्या डोळ्यांसमोर माझी पानं अशी: इस्पिक एक, बदाम चार, चौकट चार, किलवर चार. मग चार बदाम आल्यावर स्वतःच्या एकट्या बदामासह चार इस्पिक म्हणण्याचं त्यांना काय कारण? त्यांचा पासही हात झटकणारा नव्हता. रिडबलनंतर समोरच्यांना डबल न करता सुखाने खेळू द्यायचं नसतं, म्हणून तो पास म्हणजे "तू ठरव".

ठरवायचं माझ्यावर आलं आणि मला अर्धंच दिसत होतं. इस्पिक नऊ आहेत हे मला ठाऊक. अण्णांकडे बदाम किती, ते ठाऊक नाही. अण्णांना त्यांचा एकटा बदाम ठाऊक, माझी इस्पिक किती ते नाही. अर्धी चावी इकडे, अर्धी तिकडे.

यावर भाच्याने, चिवडा खायला उठल्यावर, मला गाठलं. "पण काका, तुम्हाला नऊ इस्पिक माहीत होती. तरी चार म्हणता आलं असतं." बरोबर आहे, म्हणता आलं असतं. पण समजा अण्णांची तीच इस्पिक आहेत, उरलेली पानं ३-३-२ पडलीत आणि त्यांत बदाम तीन आहेत. बदामाचे दोन हात गेलेच, किलवरच्या एक्क्यानेही एक, आणि चौथा हात कुठेतरी निसटायला वाव भरपूर. उलट चार बदाम मात्र दोन-तीनने बुडतात. तेव्हा डबलच बरोबर. माझ्या जागेवरून दोन्ही चित्रं खरी वाटत होती आणि मी चुकीचं उचललं. ती दुसरी चूक मान्य. पण तो निर्णय माझ्या वाट्याला यायलाच नको होता.

यात एक हिशेब आहे. फ्रान्सच्या झाँ-रने व्हेर्न यांनी तो मांडला: दोन्ही बाजूंच्या सर्वांत लांब रंगातली पानं मोजा, दोघांना आपापल्या रंगात मिळणाऱ्या हातांची बेरीज साधारण तेवढीच येते. तो कायदा म्हणून खेळू नये, अंदाज म्हणून फार कामाचा. आमच्या डावात इस्पिक नऊ, त्यांचे बदाम दहा. एकूण १९. आम्हाला इस्पिकात दहा हात, त्यांना बदामात नऊ. एकूण १९. काट्यावर.

वरच्या खोलीत डॉक्टरांनी नेमका हाच विचार केला होता. दोन नो-ट्रम्पमुळे नऊ इस्पिक पक्की. स्वतःकडे एकच बदाम, थोरलीने चारपर्यंत उडी मारलेली, म्हणजे तिकडे दहा असावेत. एकूण १९. ते नऊ करत असतील तर आपण दहा, चार इस्पिक होतात. ते दहा करत असतील तर आपण नऊ. डबल होऊन २०० जातील, पण त्यांचे ४२० वाचतील. ते आठच करत असतील तर आपण अकरा. त्यांना बुडवून ३०० मिळतील, इस्पिकात ६५०. एक्के-राजे कुणाकडे आहेत हे न पाहताच तिन्ही वाटांनी उत्तर एकच, चार इस्पिक. डॉक्टरांकडे तीन बदाम असते तर तिकडे आठ, बेरीज १७, आणि त्यांनी तितक्याच शांतपणे डबल केलं असतं. पण या हिशेबाची सुरुवात कुठून झाली? डॉक्टरीणबाईंनी "चार आहेत" हे सांगितलं तिथून.

दोन नो-ट्रम्पची ही युक्ती कुणी जॉर्डनच्या नावाने ओळखतं, कुणी ट्रस्कॉटच्या. ॲलन ट्रस्कॉट अनेक वर्षं न्यूयॉर्क टाइम्समध्ये ब्रिजचा स्तंभ लिहीत. डबलनंतर दोन नो-ट्रम्प खरोखरच खेळायची वेळ फार कमी येते. दहा-अकरा पॉइंट आणि जोड नसलेली पानं असतील तर रिडबल आहेच. म्हणून ती मोकळी बोली कामाला लावली: पार्टनरच्या रंगात किमान चार पानं, आणि दहा किंवा जास्त पॉइंट. त्यामुळे तीन इस्पिक ही थेट उडीही मोकळी होते आणि ती कमजोर पानांसाठी वापरता येते. माझ्याकडे तीच चार इस्पिक असती, पण चौकटचा एक्का आणि किलवरची राणी नसती, तर मी तीन इस्पिक म्हणायला हवं होतं. जिंकायला नव्हे, भाच्याच्या तोंडातली बोली काढून घ्यायला. डबल नसताना तीन इस्पिकचा अर्थ बळकट, डबलनंतर तोच अर्थ उलटा. माझ्या वयाच्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो. परवाच दुसऱ्या एका ओळखीच्या जोडीचं याच गोंधळात भांडण झालं. एकाने जुन्या पद्धतीने बळकट तीन म्हटलं, दुसऱ्याने कमजोर समजून पास दिला.

बाकीच्या उत्तरांवर फार वेळ घालवत नाही. तीन पानांची जोड आणि सहा ते नऊ पॉइंट असतील तर दोन इस्पिक. डबलनंतर इथे थोडी ढिलाई चालते, पाच पॉइंटवरही मी म्हणतो. सात-नऊ पॉइंट, जोड नाही, पानं पसरलेली, तर एक नो-ट्रम्प. दोनच्या पातळीवर स्वतःचा लांब रंग सांगितला तर तो "मला इथे खेळू दे" असा. पार्टनरने पुढे बोलायची सक्ती नाही. एकच्या पातळीवर नवा रंग मात्र बहुतेक जोड्या सक्तीचाच मानतात. काहीच नसेल तर पास, आणि तो लाज न बाळगता द्यावा. डबल आल्यामुळे पार्टनरला पुन्हा बोलायची संधी मिळणारच आहे.

तीन इस्पिक आणि दहा पॉइंट असतील तर? आमच्यात यावरच सगळ्यात जास्त वाद झाला. अण्णांचं म्हणणं: आधी रिडबल, मग इस्पिक. म्हणजे रिडबल करून नंतर इस्पिकला पाठिंबा दिला की त्याचा अर्थ तीन पानं, दहा-अकरा पॉइंट. मी म्हटलं, "मग मधे चार बदाम आलं तर हाच घोळ." अण्णा म्हणाले, "तेव्हा घोळ झाला तरी नऊ नाहीत, आठच आहेत. आठवर इतक्या वर जायची घाई नको." हे मला पटलं. एका पानाने बेरीज १९ ची १८ होते आणि दोघांनाही नऊ-नऊ हात असतील तर चार इस्पिक म्हणणारा बुडतो.

रिडबल मग कशासाठी? अण्णांनी पॅडवर तेरा पानं लिहून दाखवली: इस्पिक – ७, बदाम – राजा, गुलाम, ९, २, चौकट – एक्का, गुलाम, ६, ३, किलवर – राजा, १०, ८, ४. बारा पॉइंट, जोड नाही, पण समोरचे कुठल्याही रंगात पळाले तरी त्यांना गाठता येतं. "हे खरं रिडबल," ते म्हणाले. "ही शिकाऱ्याची पानं. तुझी पानं घर बांधणाऱ्याची होती." अण्णा सिंचन खात्यातून निवृत्त झालेत, पण उपमा बांधकामाच्याच सुचतात.

दोष कुणाचा, हेही एकदा सांगून टाकतो. अण्णा आणि मी तीन वर्षं एकत्र खेळतोय. उघडणीला एक नो-ट्रम्प किती पॉइंटांचा, एक्के कसे विचारायचे, हे सगळं आमच्या वहीत आहे. डबल आल्यावर काय, हे पान मात्र कोरंच होतं. दोघांनाही वाटत होतं, ते तर ठरलेलंच आहे. त्यांच्या डोक्यात एक ठरलेलं, माझ्या डोक्यात दुसरं. त्या रात्री पाऊस थांबेपर्यंत आम्ही ते पान भरलं. वहिनी मधे येऊन म्हणाल्या, "आठ वाजता पत्ते मिटले ना? मग पत्तेच का चालू आहेत अजून?" त्यांच्या घरात पूर्वी याला पत्ते कुटणं म्हणत. २०१८ मध्ये जकार्ताच्या एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्णपदक आणलं, तेव्हापासून निदान "तुमचा तो खेळ" म्हणतात.

वहीत आता लाल शाईत असं आहे: "डबल. चार पानं, दहा पॉइंट – दोन नो-ट्रम्प. पार्टनरने समोरच्यांना अलर्ट द्यायचा (या बोलीला खास अर्थ आहे, असा). चार पानं, कमी पॉइंट – उडी. तीन पानं, दहा – रिडबल, मग रंग. जोड नाही, दहा – रिडबल, मग शिकार." शेवटच्या शब्दाखाली अण्णांनी दोनदा रेघ मारली आहे.

सोमवारी सकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला. मी अजून चहाही घेतला नव्हता. म्हणाली, "अरे, रात्रभर तो डाव डोक्यात होता. डॉक्टरांच्या चार इस्पिकवर मी पाच बदाम म्हणायला हवं होतं. दोन हात बुडाले असते, डबल होऊन तीनशे. सहाशेवीसऐवजी तीनशे!"

मी म्हटलं, "हो, मग आपले अकराऐवजी पाच इम्प गेले असते."

ती दोन क्षण गप्प राहिली. पलीकडून पेन्सिलीचा आवाज आला.

"म्हणजे तरी एकाने हरलोच असतो की."